शातो मार्गोची बाटली जळगावच्या उन्हाळ्यात कशी सांभाळायची आणि मग कशी उघडायची

सगळ्यात आधी हे करा, बाकीचं नंतर वाचा. घरात कोणी फ्रान्सहून भारी रेड वाइन आणून दिली असेल आणि तुम्ही ती शोकेसमध्ये किंवा किचनच्या वरच्या कप्प्यात उभी ठेवली असेल, तर आत्ता उठा, ती तिथून काढा, वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि फ्रिजच्या सगळ्यात खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये आडवी ठेवा. कायमची जागा नंतर शोधू, पण आज एवढं करा.

एवढं जीव तोडून सांगतोय कारण माझ्याकडून एक बाटली वाया गेलीय. पुतण्या फ्रान्सात नोकरीला आहे, पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा तिथल्या बोर्डो भागातली एक साधीच पण चांगली वाइन घेऊन आला आणि म्हणाला काका, दिवाळीला उघडू. मी ती वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवली, कपड्यांच्या मागे, मला वाटलं अंधार आहे म्हणजे झालं. एप्रिल गेला, मे गेला. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री म्हणजे काय ते सांगायला नको आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत गरम असतो. गणपतीत कपाट आवरताना बघितलं तर बूच अर्ध्या सेंटीमीटरनं वर आलेलं, बाटलीच्या गळ्यावर चिकट ओघळ आणि उघडल्यावर वास आला तो सरळ उकळलेल्या मनुकांचा. पोराचं तोंड बघवलं नाही मला. वाइन गरम झाली की फुगते, फुगली की बुचाला वर ढकलते, थंड झाली की आकसते आणि त्याच फटीतून हवा आत ओढून घेते, रोज दिवसरात्र हे चाललेलं असतं, दोन महिने चाललं की खेळ खलास.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यानं मामांच्या पंचाहत्तरीसाठी म्हणून शातो मार्गो आणली, तीही बोर्डोचीच पण फार नावाजलेली रेड वाइन, २००४ सालची. ती मात्र आम्ही नीट सांभाळली, नीट उघडली, आणि ते सगळं कसं केलं तेच इथे लिहितोय कारण नंतर ओळखीच्या तीन-चार घरांतून हाच प्रश्न आला. आता घराघरातली पोरं बाहेर आहेत, अशा बाटल्या येणारच.

आधी नाव. लेबलवरचं स्पेलिंग बघून लोक चाटेऊ मार्गॉक्स म्हणतात, तसं नाही, शातो मार्गो. शातो म्हणजे हवेली, गढी आणि वाइनच्या बाबतीत तिच्या भोवतीचा सगळा मळा. मार्गो हे गावाचं नाव. बोर्डो शहरापासून २५-३० किलोमीटर, म्हणजे जळगावहून भुसावळ जेवढं तेवढंच. जिरोंद नावाच्या रुंद खाडीच्या डाव्या काठाला मेदोक म्हणून पट्टा आहे, त्यात हे गाव.

आता ही बाटली एवढी महाग का, युरोपातच काहीशे युरो का पडतात, हे माहिती असलं तर सांभाळायला मन लागतं म्हणून थोडं सांगतो. बाराव्या शतकापासून त्या जागेची नोंद आहे, तेव्हा ला मोत द मार्गो म्हणायचे, मोत म्हणजे उंचवटा. सोळाव्या शतकात लेस्तोनाक घराण्यानं तिथे द्राक्षाची लागवड वाढवली. १७०५ साली लंडनच्या सरकारी गॅझेटमध्ये मार्गोच्या २३० पिंपांच्या लिलावाची जाहिरात आलेली आहे, म्हणजे शाहू महाराज सातारला यायच्या आधीची गोष्ट. अठराव्या शतकात तिथे बर्लों नावाचा कारभारी होता, त्यानं दोन गोष्टी सुरू केल्या असं इस्टेटच्या इतिहासात येतं: एक तर लाल आणि पांढरी द्राक्षं वेगवेगळी करून वाइन करायची, तोपर्यंत सगळी एकत्रच टाकायचे, आणि दुसरं म्हणजे भल्या पहाटे तोडणी करायची नाही कारण मण्यांवर दव असतं आणि त्या पाण्यानं रस पातळ होतो. कापूसवाल्यांना हे लगेच कळेल, दवात भिजलेला कापूस घेऊन गेलं की व्यापारी ओलाव्याच्या नावानं भाव पाडतो. तीच गोष्ट तीनशे वर्षांपूर्वी एका कारभाऱ्यानं द्राक्षाला लावली.

१७८७ मध्ये थॉमस जेफरसन बोर्डोला गेले होते, तेव्हा ते अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत होते, राष्ट्राध्यक्ष नंतर झाले. त्यांनी पहिल्या प्रतीच्या चार मळ्यांची नावं लिहून ठेवली त्यात मार्गो आहे, आणि त्यांनी १७८४ सालची मार्गो मागवलीसुद्धा. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, मालकाला गिलोटिनवर चढवलं, मळा सरकारजमा झाला, हातोहात विकला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्की द ला कोलोनिया नावाच्या माणसानं तो घेतला, जुनी वास्तू पाडली आणि लुई कोंब या आर्किटेक्टकडून नवीन हवेली बांधून घेतली, १८१० च्या दशकात. लेबलवर जी उंच खांबांची हवेली दिसते ती हीच. पुतण्या गेटपर्यंत जाऊन आलाय, म्हणाला दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं, मधून सरळ रस्ता आणि टोकाला ती हवेली, हुबेहूब लेबलसारखी.

१८५५ ला पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिसऱ्या नेपोलियननं बोर्डोच्या वाइनची प्रतवारी मागितली आणि तिथल्या दलालांनी वर्षानुवर्षांच्या बाजारभावावरून यादी केली. चव घेऊन नाही, भावावरून. ही गोष्ट मला फार आवडते, कारण केळीच्या भावाच्या बोर्डापासून कापसाच्या मार्केटपर्यंत आपल्याला माहितीय की दलालाच्या वहीत जे असतं ते खोटं नसतं. पहिल्या वर्गात चार नावं आली: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ ब्रियों. (हे लातूर म्हणजे आपलं लातूर नाही, नुसता उच्चार तसा आहे.) १९७३ ला मुतों रोथशिल्ड वर गेली आणि पाच झाल्या. तेवढा एक बदल सोडला तर पहिला वर्ग आजही तोच आहे.

मधल्या काळात मार्गोचे दिवस फिरले होते. १९७० च्या दशकात मालक अडचणीत, वाइनचा दर्जा घसरलेला, एका अमेरिकन कंपनीला विकायचं ठरलं तर फ्रेंच सरकारनं परवानगी नाकारली. शेवटी १९७७ ला मूळचे ग्रीक असलेले आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी घेतलं, चर काढले, नवीन वेली लावल्या, तळघर बांधलं आणि फळ बघायच्या आतच १९८० ला गेले. मुलगी कोरीन यांनी पुढे सगळं सांभाळलं, १९८३ पासून पॉल पोंतालिये नावाचे जाणकार त्यांच्यासोबत होते ते २०१६ ला वारेपर्यंत. बापानं चर काढायचे आणि पोरीनं बाग उभी करायची, शेतकऱ्याच्या घरात याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

जमिनीचं एक ऐका, कारण आपल्या डोक्यात भारी जमीन म्हणजे काळी कसदार. तिथे उलटं आहे. मार्गोची चांगली जमीन म्हणजे नदीनं आणून टाकलेले गोटे, वाळू, मुरूम, त्यात आपण ज्वारीसुद्धा पेरणार नाही. पाणी थांबत नाही म्हणून मुळ्या खोल जातात, झाड जेमतेम जगतं, घड लहान, मणी लहान, साल जाड. रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. कॅबर्ने सोविन्यों ही मुख्य जात, सोबत मेर्लो, थोडी पेती व्हेर्दो आणि कॅबर्ने फ्रां. त्यातूनही निम्म्याहून कमी माल मुख्य बाटलीत जातो, बाकीचा पाव्हियों रूज नावाच्या दुसऱ्या वाइनमध्ये आणि त्याच्याही खाली. मग ओकच्या नव्या पिंपांत दीड-दोन वर्षं, एक पिंप २२५ लिटरचं, काही पिंपं तर इस्टेटवरच्या कारखान्यात बनतात. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग फेटून घालतात, एका पिंपाला पाच-सहा अंडी, तो गढूळपणा घेऊन तळाला बसतो. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसाला द्यायच्या आधी हे सांगावं, आमच्या घरात मी सांगितलं.

आणि आता मामांची गोष्ट, कारण तिथूनच मला ही बाटली आपली वाटायला लागली. मामा भडगावकडचे, गिरणेच्या काठी लिंबू आणि मोसंबीची बाग, आयुष्य त्यात गेलं. आम्ही बोर्डो बोर्डो बोलत होतो तर मामा म्हणाले, "हाई तेच बोर्डो शे का आपलं, चुना-मोरचूदनं?" सगळे हसले, पण मामा बरोबर होते, शंभर टक्के तेच. १८८२ च्या सुमारास मिलार्दे नावाचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक मेदोकमधल्या मळ्यांतून फिरत होते, तेव्हा वेलींवर डाऊनी हा पानांचा रोग नवीन आला होता आणि पानंच्या पानं गळत होती. त्यांना दिसलं की रस्त्याच्या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं की येणारे-जाणारे घड तोडून खातात म्हणून शेतकऱ्यांनी मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडून ठेवलेलं, विषारी दिसावं म्हणून. मग त्यांनी प्रयोग केले, ते मार्गोच्या शेजारच्या शातो दोझाकमध्ये झाले आणि १८८५ ला कृती जाहीर केली. तेच बोर्डो मिश्रण, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, लोखंडी विळा बुडवून तांबं चढतंय का बघायचं, चढलं तर चुना वाढवायचा. मामा पन्नास वर्षं ज्याची पेस्ट खोडाला लावत आले ते औषध या बाटलीच्या शेजारच्या बांधावर जन्मलं. कलमाचंही तसंच, फिलॉक्सेरा किडीनं एकोणिसाव्या शतकात तिकडच्या मुळ्या खाल्ल्या तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करून बागा वाचवल्या, आणि आपले बागलाण-नाशिकवाले डॉगरिजवर कलम भरतात तो डॉगरिजसुद्धा अमेरिकन खुंटच.

असो, आता कामाचं.

आणायची कशी. परदेशातून येताना एका माणसाला दोन लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या निवांत. हँडबॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत घालावी लागते, जीन्सच्या पायात एक-एक बाटली घालायची, वरून जाड टॉवेल, बॅगेच्या मधोमध, कडेला नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणाऱ्या माणसाबरोबरच मागवा, हा माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे. मे महिन्यात मुंबई ते जळगाव गाडीच्या डिकीत आठ-नऊ तास म्हणजे भट्टी. आणायचीच वेळ आली तर डिकीत नको, पायाशी, एसी चालू आणि जेवायला उतरलात तर बाटली सोबत घेऊन उतरा. महाराष्ट्रात दारू बाळगायला-प्यायला परवाना लागतो, वाइनसाठी वय २१ पूर्ण पाहिजे, एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, काढून ठेवा.

ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न. वाइनला पाहिजे १२ ते १४ डिग्री, वर्षभर सारखी, अंधार, हादरे नाहीत, आणि हवेत ओलावा. फ्रान्समध्ये नुसतं तळघर खणलं की हे मिळतं. लोक म्हणतात मग आपल्याकडे जुन्या वाड्यातलं पेव किंवा तळघर चालेल की. नाही चालणार. जमिनीखाली खोलवर वर्षभराच्या सरासरीएवढं तापमान असतं, तिकडे ती सरासरी १३-१४ आहे, आपल्याकडे २६-२७. धाब्याच्या घरात ४५ च्या बाहेर ३२ लागतं तेव्हा आपल्याला थंडगार वाटतं पण वाइनला ते गरमच. महिना-दोन महिने हिवाळ्यात ठीक, उन्हाळा काढायचा असेल तर नाही.

मग मला एक दिवस सावद्याला केळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये उभं असताना सुचलं. मित्राचं युनिट आहे, एक्स्पोर्टचा माल भरत होते, डिस्प्लेवर आकडा १३.५. केळी १२ च्या खाली गेली की साल काळवंडते आणि १४ च्या वर गेली की पिकायला लागते म्हणून ते लोक त्या आकड्याला जिवापाड जपतात, लाइट गेली की मिनिटात जनरेटर. मी म्हटलं अरे हेच तर पाहिजे! मेदोकच्या तळघरात जे आहे तेच रावेर-सावद्याच्या केळीला लागतं. त्या दिवसापासून आमची मार्गो आडवी, थर्माकोलच्या डब्यात, कोल्ड रूमच्या मागच्या कोपऱ्यात खालच्या रॅकवर राहिली, एक अख्खा उन्हाळा आणि वर दोन महिने.

यात काही गोष्टी पाळा. कोल्ड रूममध्येच ठेवायची, रायपनिंग चेंबरमध्ये नाही, तिथे इथिलीन सोडतात, तापमान रोज वरखाली करतात. ओलावा तिथे ९० टक्क्यांच्या आसपास असतो, बुचाला तो चांगलाच पण लेबल सडतं आणि बुरशी धरते, म्हणून बाटलीला क्लिंग फिल्मचे तीन-चार वेढे द्या, मग वर्तमानपत्र, मग डबा. कॉम्प्रेसरच्या भिंतीला लावू नका, हादरे बसतात. डब्यावर मार्करनं नाव आणि "हलवू नये" लिहा, नाहीतर हमाल क्रेटबरोबर उचलतील, त्यांची चूक नाही. आणि रूम मोकळी करून बंद करायच्या दिवसांत बाटली कुठे न्यायची ते आधीच विचारून ठेवा. ज्याची ओळख नाही त्यानं सरळ घरचा फ्रिज वापरावा, खालचा ट्रे, आडवी, पिशवीत बांधून कारण लसूण आणि ठेच्याचा वास बुचातून आत जातो. फ्रिज कोरडा असतो, दोन-चार वर्षं ठेवायला नाही, पण एक उन्हाळा काढायला चालतो, ४५ पेक्षा ५ केव्हाही बरं. पाच-सहा बाटल्या झाल्या तर वाइनचा छोटा फ्रिज घ्या, पण इन्व्हर्टरवर जोडा, आपल्याकडे मे महिन्यात लोडशेडिंग झालं की चार तासांत आत ३० होतं.

आडवी का, तर बूच ओलं राहावं म्हणून. बूच म्हणजे झाडाची साल, वाळलं की आकसतं, आकसलं की हवा आत.

कधी उघडायची. मार्गो चांगल्या सालाची असेल तर तरुणपणी उघडणं म्हणजे हापूस कैरीत खाणं. पंधरा-वीस वर्षं सहज, मोठ्या सालांची पन्नाससुद्धा. १९८३, १९९०, १९९६, २०००, २००५, २००९, २०१०, २०१५, २०१६ ही मोठी नावाजलेली सालं. २०१५ ला त्यांनी नॉर्मन फॉस्टर या आर्किटेक्टनं डिझाइन केलेली नवीन वखार उघडली, त्याच सालच्या वाइनच्या बाटलीवर पोंतालिये यांच्या स्मरणार्थ सोनेरी छपाई केली. ती कोणाकडे असेल तर अजिबात घाई करू नका. मधल्या सालांच्या, २००४ सारख्या, आता प्यायच्या आहेत. पण आपल्याकडे साठवणीची खात्री नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, एक हिवाळा बघा आणि उघडा, आपल्या हवेत दहा वर्षं ठेवायचा हट्ट नको. आणि उघडायची सवय नसेल तर आधी नाशिकच्या एखाद्या कॅबर्नेवर दोनदा हात साफ करा, पहिला प्रयोग मार्गोवर नको.

उघडायचा दिवस नक्की झाला की दोन दिवस आधी बाटली घरी आणा आणि फ्रिजमध्ये उभी करा, सावकाश, न हलवता. जुन्या वाइनमध्ये गाळ असतो, बाजूला चिकटलेला, तो तळाला बसायला दिवस-दोन दिवस लागतात. आपण तांदळाचं धुवण निवळायला ठेवतो तसं. गाळ वाईट नाही, विष नाही, पण तोंडात कडू आणि कचकच लागतो.

प्रसंगाच्या आधी तासभर फ्रिजमधून काढा. "रूम टेम्परेचरला प्यावी" असं जिथेतिथे लिहिलेलं असतं, ती रूम त्यांची, १७-१८ डिग्रीची. आपल्या हॉलमध्ये ३५ असतं, तशी प्यायली तर नुसता दारूचा भपका येईल. ग्लासात पडताना १६ डिग्री हवी, बाटली हाताला गार लागली पाहिजे पण बर्फासारखी नाही. खोलीत एसी लावा, नाहीतर रात्री नऊनंतरच उघडा.

पातळ पत्र्यासारखी वरची टोपी चाकूनं बाटलीच्या ओठाखाली गोल कापून काढा, तोंड ओल्या फडक्यानं पुसा, तिथे काळपट बुरशी असली तर घाबरू नका, उलट ओलाव्यात ठेवल्याची खूण आहे. साधा वेटरचा स्क्रू चालतो पण वीस वर्षांच्या वर बूच मऊ पडतं, मधे मोडतं. त्यासाठी दोन पात्यांचा चिमटा मिळतो, ती पाती बुचाच्या आणि काचेच्या मधे दोन्ही बाजूंनी हळूहळू डोलवत घालायची आणि पिळत पिळत वर ओढायचं. ऑनलाइन मिळतो, घ्याच. बूच मोडून आत पडलंच तर रडू नका, स्वच्छ धुतलेल्या मलमलच्या कपड्यातून गाळा, फक्त तो कपडा साबणाच्या वासाचा नको, चहाची गाळणी तर मुळीच नको, कितीही धुतली तरी चहाचा वास राहतो.

बुचावर शातोचं नाव आणि साल छापलेलं असतं, लेबलशी जुळतंय का बघा. मग वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट गोणपाटाचा वास आला तर बूच खराब होतं, हे शंभरात काही बाटल्यांना होतंच, त्यात तुमची चूक नाही, पैशाची किंमत बघून जबरदस्तीनं पिऊ नका.

ओतायची काचेच्या मोठ्या स्वच्छ जगमध्ये, स्टीलच्या नाही. बाटलीच्या गळ्यामागे मेणबत्ती किंवा मोबाईलची बॅटरी धरा, एकाच धारेत हळूहळू ओता, मधे थांबून बाटली सरळ करू नका, तसं केलं की गाळ पुन्हा मिसळतो. उजेडात गळ्यापाशी धुरासारखी काळी रेघ येताना दिसली की थांबायचं. तळाशी दोन बोटं राहू द्यायची, जीव जळतो पण राहू द्यायची. नवीन वाइन असेल तर जगमध्ये दोन-तीन तास मोकळी ठेवा, वीस वर्षांच्या आसपासची असेल तर तास-दीड तास, चाळीसच्या वरची असेल तर ओतली की लगेच प्या, म्हातारं माणूस फार वेळ बसत नाही.

आणि या सगळ्यात बाटली एकाच माणसाच्या हातात राहू द्या. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वाइन व्यापाऱ्यानं १७८७ सालची मार्गो एका मेजवानीत मिरवायला नेली, जेफरसनची म्हणून सांगितली जाणारी, आणि चालता चालता ती टेबलाच्या धातूच्या कडेला आपटून फुटली. विम्याचे २ लाख २५ हजार डॉलर मिळाले, वाइन गालिच्यावर गेली.

ग्लास मोठ्या पोटाचे, तोंडाशी अरुंद, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरायचे नाहीत. एका बाटलीत सहा ग्लास नीट होतात, दहा जणांना करायचे असतील तर घोट-घोट वाटा, पण पाणी, सोडा, बर्फ काहीही नाही. ज्याला नको त्याला आग्रह नाही.

जेवणाचं खरं सांगतो, आणि हे खान्देशी माणसाला सांगायला अवघड आहे. शेवभाजी, काळ्या मसाल्याचं मटण, ठेचा यांच्यासोबत ही वाइन मारली जाते. मिरचीनं जीभ पेटलेली असते, त्यावर तुरटपणा आणि अल्कोहोल गेलं की आग दुप्पट होते आणि ज्यासाठी पंधरा-वीस वर्षं थांबले तो नाजूक वास कळतच नाही. मार्गोचा वास म्हणजे गुलाबाच्या जवळपासचं एक फूल, जांभळासारखं काळं फळ, देवदाराच्या लाकडाची पेटी उघडल्यासारखं काहीतरी आणि मागून थोडा धूर. म्हणून आम्ही दोन भाग केले. आधी वाइन आणि तिच्यासोबत फिकं: आलं-लसूण-मीठ-मिऱ्यात शिजवून तुपावर लालसर परतलेलं मटण, कमी तिखट, साधी तुपात बुडवलेली बट्टी. चरबी आणि तूप तुरटपणाला धरतं, दोन्ही मऊ होतात. आणि भरीत, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचं, पण हिरव्या मिरच्या वहिनीनं दोनच घातल्या, कुरकुर करत का होईना. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि या वाइनचा धूर असे काही जुळले की पुतण्यानं ताट सोडून माझ्याकडे बघितलं. मटण चालत नसेल तर हे भरीत आणि बट्टी पुरे आहे. तिखटाचं दुसरं जेवण रात्री अकराला वाढलं, तेव्हा वाइन संपलेली होती.

शिल्लक राहिली तर त्याच बाटलीत भरून बूच दाबून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. त्यानंतर नाही. जग आणि ग्लास नुसत्या गरम पाण्यानं धुवा, भांड्याचा साबण नको, वास राहतो.

मामांनी पहिला घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, म्हणाले, "जांभूयसारखं तुरट लागस." मग दुसऱ्या घोटाला काहीच बोलले नाहीत, ग्लास नाकाशी धरून बसले. नंतर रिकामी बाटली मागून घेतली, तळाचा गाळ उजेडात फिरवून बघितला आणि पुतण्याला विचारलं की तिकडे आता खोडाला पेस्ट लावता का फवारणीच करता, आणि चुना कुठला वापरता.